यंत्र क्रमांक सात

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या ऑफिसातली फाइल उघडेनाशी झाली, आणि दुपारी तीनच्या आत ती मी स्वतः उघडून दाखवीन, असं मी तेवीस माणसांच्या रांगेसमोर जाहीर करून बसलो. यातलं पहिलं संकट कुणावरही येऊ शकतं. दुसरं मी माझ्या तोंडाने ओढवून घेतलं.

मी शहर बससेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या विभागात मुख्य लिपिक आहे. बसमध्ये माणसं जे जे विसरतात ते सगळं आमच्याकडे येतं. छत्र्या सर्वात जास्त, त्याखालोखाल चष्मे, आणि मग ज्याची कल्पना करवत नाही असं बरंच काही. बसमध्ये एकाच पायाचा बूट विसरणारा माणूस घरी कसा गेला असेल, यावर मी आणि आमच्या खिडकीवरच्या ताई गेली चार वर्षं विचार करतो आहोत. या सगळ्याची नोंद एका फाइलमध्ये असते. फाइल म्हणजे कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. ती आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर असते आणि आम्ही सगळे आपापल्या टेबलावरून तीच एक फाइल उघडून बसतो, एकाच ताटात पाच जणांनी जेवावं तसे. वस्तू आली की तिचं वर्णन फाइलमध्ये लिहायचं, मालक आला की फाइल नंबर टाकून पावती छापते, आणि मग वस्तू द्यायची. पावतीशिवाय वस्तू द्यायची नाही.

हा नियम माझा. मुख्य लिपिक होऊन मला महिनाही झाला नव्हता तेव्हा मी एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाला नुसत्या शब्दावर एक ओव्हरकोट देऊन टाकला, आणि दहा मिनिटांनी त्या कोटाचा खरा मालक कुडकुडत खिडकीशी आला. त्याच दिवशी मी परिपत्रक काढलं. ‘कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही सबबीवर, कोणाच्याही शब्दावर’ अशी त्याची सुरुवात आहे आणि ‘कोणाच्याही’च्या खाली मी पट्टीने रेघ मारली आहे. ते खिडकीशेजारी काचेत लावलेलं असतं. खाली माझी सही, तीही जरा मोठीच.

तर त्या सकाळी ताईंनी दिवसात पहिल्यांदाच फाइल उघडायला घेतली आणि पडद्यावर एक चौकट आली. ताईंनी ती मला वाचून दाखवली. ‘यंत्र क्रमांक सातवरील वापरकर्त्याने ही फाइल अशा अवस्थेत ठेवली आहे की ती उघडता येत नाही.’ कशा अवस्थेत, ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा करून बघा. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा सात. आता अडचण अशी होती की आमच्याकडे यंत्र क्रमांक सात नाहीच. एक माझं, दोन ताईंचं, तीन, चार आणि पाच इतरांची. सहा नंबर दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेलं ते अजून आलेलं नाही. सातवं कुणी ऐकलेलंही नव्हतं.

याच वेळी खिडकीशी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पंचविशीची असेल, पांढरे कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले. ती नर्स होती. आदल्या दिवशी बसमध्ये तिची निळी फाइल राहिली होती, कागदाची. तिच्यात तिची सगळी मूळ प्रमाणपत्रं होती, आणि संध्याकाळी चार वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात तिची मुलाखत होती. मूळ कागदांशिवाय आत घेणार नाहीत असं त्यांनी कळवलेलं होतं. हे तिने एका दमात, पण अगदी शांतपणे सांगितलं आणि माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं. तिसऱ्या फळीवर, एका हेल्मेट आणि एका तबल्याच्या मधोमध, तिची निळी फाइल उभी होती.

“ती बघा, दिसतेय,” ती म्हणाली. “माझं ओळखपत्र आहे. द्या ना.”

मी काचेतल्या परिपत्रकाकडे बघितलं. रांगेतल्या सगळ्यांनीही बघितलं. रांगेत पुढेच एक शिंपी होते, त्यांची कात्री हरवली होती. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि ‘कोणाच्याही’वर किंचित थांबले. मग मी घसा साफ करून सांगितलं की एक किरकोळ तांत्रिक अडचण आहे, ती मी जातीने दूर करतो आहे, आणि बाई, तीनच्या आत तुमची फाइल तुमच्या हातात असेल. तिने मान हलवली आणि बाकावर जाऊन बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला मी कामाची पद्धत समजावून सांगू शकतो. विश्वास ठेवून बसलेल्या माणसापुढे मला काही सुचत नाही.

मी कंबर कसली. पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक असतो तोच, सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं. आमचे शिपाई नाना यांना मी भिंतीवरचं बटण दाबायला सांगितलं. नाना तीस वर्षं या विभागात आहेत आणि सांगितलेलं काम मनापासून करतात, म्हणून त्यांनी बटण एकच नव्हे तर पूर्ण ओळ दाबली. त्यात रांगेचे नंबर दाखवणारी पेटीही बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळ्यांचा नंबर एक होता. तेवीस माणसं एकाच वेळी पहिली झाल्यावर जे होतं ते झालं. शिंप्यांनी पुढाकार घेऊन ती रांग उंचीप्रमाणे लावायला सुरुवात केली, ते स्वतः उंच होते हे लक्षात यायला बाकीच्यांना वेळ लागला.

इकडे माझं यंत्र सुरू होता होता मध्येच थांबलं आणि ‘सुधारणा करत आहोत, बंद करू नका’ असं म्हणू लागलं. सतरा टक्के सुधारणा झाली होती. मी वीस मिनिटं त्याच्यासमोर बसलो. ते अठरावर गेलं. ताईंचं यंत्र मात्र लगेच सुरू झालं आणि त्यावर तीच चौकट आली. सात.

मग मी मेहुण्याला फोन लावला. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ मोबाइलची कव्हरं विकतो, पण दुकानाच्या पाटीवर ‘टेक्नॉलॉजी’ हा शब्द असल्यामुळे आमच्या सगळ्या कुटुंबात तो कॉम्प्युटरचा जाणकार समजला जातो. नवल म्हणजे या बाबतीत त्याला खरोखरच कळत होतं. तो म्हणाला, फाइलच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी फाइल दिसेल, तिच्यावर कुलपाचं चित्र असेल. कुणी आत गेलं की ती तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की आपोआप नाहीशी होते. ती पुसून बघा. मी ताईंच्या यंत्रावरून पुसायला गेलो. पुसता येत नाही, वापरात आहे, असं उत्तर आलं.

“मग आत कुणीतरी आहे, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “बाथरूमची कडी आतून लागलीय. बाहेरून कितीही हलवा.”

त्याने मला ती छोटी फाइल साध्या ‘नोटपॅड’मध्ये उघडून वाचायला सांगितली. आत यंत्रांचे नंबर होते. एक, दोन, तीन, चार, पाच आणि सात. एक म्हणजे मी. मी तो आकडा हाताने झाकला, कारण रोज संध्याकाळी निघताना आपापली फाइल बंद करा असं सगळ्यांना बजावणारा मीच. मेहुण्याने खुलासा केला की बाहेर पडलेल्यांची नावंही त्यात राहून जातात, जुन्या भाडेकरूची पाटी दारावर राहते तशी. हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी त्याची आणि दुकानाचीही चौकशी केली. पाचही यंत्रं आम्ही बंद केली होती, तेव्हा आत बसलेला सातच. पण सात कोण, ते मेहुण्याला काय ठाऊक असणार. त्याने आणखी एक मार्ग सुचवला, की पूर्ण फाइलची नक्कल करा आणि नकलेवर काम चालवा. तो मार्ग आम्ही एकदा चोखाळला होता. दोन दिवस दोन फाइली चालल्या आणि एकच छत्री दोन मालकांना रीतसर पावतीने दिली गेली. दुसऱ्या मालकाला आम्ही पावतीवरच बोळवलं, छत्री नव्हतीच. मी नको म्हटलं.

तोवर साडेबारा झाले होते. रांगेतली माणसं आता बाकांवर, पायऱ्यांवर पसरली होती आणि मला सल्ले देत होती. एका सेवानिवृत्त शिक्षिकांचं म्हणणं होतं की यंत्राला गरम होत असेल, पंखा लावा. एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्या भाच्याच्या ऑफिसात असंच झालं होतं आणि शेवटी भाचा नोकरी बदलून मोकळा झाला. शिंपी म्हणाले, कुलूप आहे ना, मग किल्लीवाल्याला बोलवा. त्यांनी हे थट्टेने म्हटलं की मनापासून, ते मला अजून कळलेलं नाही. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. नर्स फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मग माझ्याकडे, आणि ते मला सगळ्या सल्ल्यांपेक्षा जड जात होतं.

मी तिसऱ्या मजल्यावर तांत्रिक विभागात गेलो. तिथले गृहस्थ डबा खात होते. त्यांनी बोटं पुसून एक फॉर्म पुढे केला आणि बिघाड झालेल्या यंत्राचा नोंदणी क्रमांक विचारला. मी सांगितलं, यंत्र सात. त्यांनी जाड वही काढली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. यंत्र क्रमांक सात आठ महिन्यांपूर्वी निर्लेखित झालं होतं. म्हणजे सरकारी भाषेत ते वारलं होतं.

“पण त्यानेच फाइल अडवलीय,” मी म्हणालो.

“निर्लेखित यंत्राला फाइल अडवता येत नाही,” ते म्हणाले. “अडवली असेल तर ते अनधिकृत आहे. अनधिकृत बाबींचा फॉर्म वेगळा असतो. तो संपलाय.”

मी विचारलं, आतल्या खोलीतलं मोठं मशीनच बंद केलं तर. त्यांनी पहिल्यांदाच डबा बाजूला सारला. म्हणाले, करू शकता, कुलूप सुटेल. पण आत कुणी काही बदलत असताना मशीन बंद झालं तर फाइल अर्धवट फाटल्यासारखी होते, आणि मग बारा हजार नोंदी उघडतील की नाही हे कुणी सांगू शकत नाही. शुक्रवारी माणूस पाठवतो, तोवर हात लावू नका. शुक्रवार म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर पांढरे कॅनव्हासचे बूट आले. मी जिना उतरताना ठरवलं की आता हार मानायची नाही. यंत्र मेलं असो की जिवंत, ते या इमारतीतच कुठेतरी वीज खात बसलेलं आहे, आणि ते मी शोधून काढणार.

आतल्या खोलीत मोठ्या मशीनशेजारी एक चपटी पेटी आहे, तिच्यातून सगळ्या टेबलांकडे केबली जातात. मी पेटीपुढे उकिडवा बसलो आणि मोजल्या. सहा. यंत्रं पाच आणि केबली सहा. नाना दारात उभे होते. ते म्हणाले, साहेब, ती करडी केबल बंद आहे, कुठे जात नाही. मी पेटीकडे बघितलं. करड्या केबलीच्या मुळाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. मी नानांना म्हटलं की बंद केबलीचा दिवा लुकलुकत नाही. नाना म्हणाले की चहा टाकायची वेळ झाली, आणि गेले. आजवर नाना मला न विचारता चहाला गेलेले नव्हते. पण त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी टेबलाखाली शिरलो होतो.

मुख्य लिपिकाने टेबलाखाली शिरावं की नाही, याबद्दल नियमावलीत काही नाही. मी गुडघ्यांवर चालत केबलीच्या मागे निघालो. ती चार नंबरच्या टेबलाखालून गेली, पाच नंबरच्या कचऱ्याच्या टोपलीमागून गेली, आणि मग सरळ खिडकीबाहेरच्या लोकांच्या बाजूला निघाली. मीही निघालो. बाकाखाली मला एक पेन सापडलं, एक कानातलं सापडलं, आणि ज्याची चौकशी ताई महिनाभर करत होत्या तो टाचण्यांचा डबा सापडला. वरून शिक्षिकाबाई कुणाला तरी सांगत होत्या की हे इथले साहेब. मग माझ्या नाकासमोर पांढरे कॅनव्हासचे बूट आले आणि नर्स खाली वाकली. तिने मोबाइलचा दिवा लावला.

“तुम्ही काय शोधताय?” तिने विचारलं.

मी सांगितलं. पालथा पडून सांगितल्यामुळे मी बहुधा खरं ते सगळंच सांगितलं, परिपत्रकाबद्दल आणि ओव्हरकोटाबद्दलसुद्धा.

“मग हे माझं रोजचं काम आहे,” ती म्हणाली. “वॉर्डात इतक्या नळ्या असतात. मशीनकडून बघत आलं की गोंधळ होतो. हातात धरायची आणि सोडायची नाही. सलाइनची नळी शेवटी माणसापर्यंतच जाते, साहेब.”

तिने केबल हातात धरली आणि चालू लागली. बाकामागून, दारावरून, बोळातून. बोळात केबल एका खिळ्यावरून वर गेली, तेव्हा ती स्टुलावर चढली आणि मी स्टूल धरलं. बोळ जिथे संपतो तिथे बेवारस वस्तूंची खोली आहे. सहा महिन्यांत ज्यांचा मालक येत नाही त्या वस्तू तिथे जातात आणि वर्षातून एकदा त्यांची विल्हेवाट लागते. एरवी तिथे कुणी फिरकत नाही. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली नानांकडे असते. आज कुलूप नव्हतं. केबल दाराखालच्या फटीतून आत गेली होती. आतून प्रकाश येत होता, आणि कुणीतरी बारीक खोकलं.

मी दार ढकललं. तीनशे छत्र्या टांगलेल्या होत्या, त्यांच्याखाली एक छोटं टेबल होतं, टेबलावर जुनं पिवळट पडलेलं यंत्र होतं आणि यंत्राच्या पाठीवर सात असा आकडा रंगवलेला होता. समोर आमचे जुने साहेब बसले होते. माझ्याआधीचे मुख्य लिपिक. आठ महिन्यांपूर्वी आम्ही त्यांना निरोप दिला होता, मी स्वतः भाषण केलं होतं आणि ‘आता विश्रांती घ्या’ असं तीन वेळा म्हटलं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारी चहाचा कप होता, आणि कपाजवळ नाना उभे होते आणि छत्र्यांकडे बघत होते.

जुने साहेब उभे राहिले. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“बरं झालं तुम्ही आलात. सकाळी नऊपासून मी याच्यावर सही कुणाची घ्यावी याचा विचार करतोय.”

कागद त्यांच्या वळणदार अक्षरात होता. वस्तूच्या वर्णनाचा रकाना पन्नास अक्षरांचा आहे, तो अपुरा पडतो, तरी दोनशे अक्षरांचा करण्यास मंजुरी मिळावी. मी त्यांच्या पडद्याकडे बघितलं. रकाना रुंद करून झाला होता आणि मधोमध चौकट होती, ‘बदल जतन करायचे का? हो. नाही.’ त्यांनी सकाळी नऊला ती चौकट आणली होती, आणि तिथेच ते थांबले होते. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय काही कायमचं केलेलं नव्हतं. आता त्यांना वरिष्ठ उरला नव्हता, आणि वरिष्ठ नसला म्हणून मंजुरी लागत नाही असं त्यांना वाटत नव्हतं. ‘नाही’ दाबायलाही मंजुरी लागेल असं त्यांचं मत होतं. म्हणून ते साडेपाच तास त्या चौकटीसमोर बसून होते आणि बाहेर तेवीस माणसं खोळंबली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. नानांना माहीत होतं. पण नानांना त्यांना कसं सांगावं ते कळत नव्हतं.

घड्याळात दोन पस्तीस झाले होते. रागवायला मला भरपूर कारणं होती, वेळ नव्हता. मी खिशातून पेन काढलं, ‘मंजूर’ लिहिलं आणि सही केली. या वेळी सही लहान आली. जुन्या साहेबांनी ती तपासली, तारीख घालायला सांगितली, कागदाला छिद्र पाडून तो फाइलला लावला, आणि मग एका बोटाने ‘हो’ दाबलं. चिठ्ठीवर तयार ठेवलेलं एक लांब वर्णन त्यांनी नव्या रकान्यात उतरवलं आणि फाइल बंद केली. दोन मिनिटांनी बाहेरून ताईंची हाक आली, उघडली म्हणून.

नर्सची पावती पहिली छापली. रांगेतल्या कुणीही हरकत घेतली नाही, शिंप्यांनीसुद्धा. पावतीवर वस्तूचं वर्णन येतं. ते मी सही करताना वाचलं. ‘निळी कापडी फाइल, उजवा वरचा कोपरा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, टाके बारीक व नेटके. आत नऊ कागद, क्रमाने. सर्वांत खाली एका वृद्ध स्त्रीचा फोटो. वस्तू जपून वापरलेली दिसते. मालक शोधत येईल.’ यातलं अर्धंही जुन्या रकान्यात मावलं नसतं. नर्सने ते दोनदा वाचलं.

“फोटो आजीचा आहे,” ती म्हणाली. “टाके तिनेच घातले होते. हे कुणी लिहिलं?”

मी बोळाकडे बोट दाखवलं. तिला जायची घाई होती, तरी ती बोळाच्या तोंडापर्यंत गेली, आतल्या बाजूला हात जोडले आणि पळाली. नानांनी पुढे धावत जाऊन बस थांबवून ठेवली होती.

यानंतर जे कळलं ते मला सांगितलंच पाहिजे, नाही तर गोष्ट अर्धी राहील. मार्च महिन्यात वरच्या ऑफिसातून आमच्या विभागाला प्रशंसापत्र आलं होतं. वस्तूंची वर्णनं अत्यंत नेमकी व जिव्हाळ्याने केलेली असतात, त्यामुळे दुप्पट वस्तू मालकांपर्यंत पोचतात, आणि याचं श्रेय नव्या मुख्य लिपिकांच्या मार्गदर्शनाला आहे. मी ते प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं. बायकोने ते दोन्ही नणंदांना फोनवर वाचून दाखवलं होतं. आता ताईंनी फाइलमध्ये मागे जाऊन बघितलं. आम्ही लिहायचो, ‘छत्री, काळी.’ दुसऱ्या दिवशी तिथे लिहिलेलं असायचं, ‘छत्री, काळी, मुठीवर दातांच्या खुणा, बहुधा मालक विचार करताना चावतो.’ आम्ही लिहायचो, ‘डबा.’ तिथे व्हायचं, ‘डबा, तीन खणी, वरच्या खणाचं झाकण दुसऱ्या डब्याचं.’ आठ महिने रोज कुणीतरी आमच्या मागून नोंदी नीट करत होतं, आणि मला वाटत होतं की माझ्या हाताखाली माणसं सुधारतायत.

पाच वाजता मी बेवारस वस्तूंच्या खोलीत गेलो. जुने साहेब डबा धुऊन पिशवीत ठेवत होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते विसरलेली चष्म्याची डबी न्यायला आले होते, तेव्हा त्यांचं यंत्र या खोलीत फेकलेलं दिसलं. त्यालाही त्याच महिन्यात निर्लेखित केलं होतं. आम्ही सगळे त्याला ‘साहेबांचं यंत्र’च म्हणायचो, आणि त्याची पाठ कायम भिंतीकडे असल्यामुळे आकडा कुणी पाहिलाच नव्हता. नानांनी केबल जोडून दिली. घरी त्यांनी सांगितलं होतं की ऑफिसला त्यांची गरज आहे, थोडे दिवस या म्हणालेत.

“खोटं होतं ते,” ते म्हणाले. “आता तुम्ही काय ते ठरवा. मी उद्यापासून येणार नाही.”

मी म्हटलं, चला, मी घरापर्यंत येतो. मनात मी सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यांच्या बायकोला विश्वासात घ्यायचं, हळुवारपणे खरी परिस्थिती सांगायची, त्यांचा मान राखायचा, नियमांचाही राखायचा. रस्ताभर मी वाक्यं घासूनपुसून घेतली. जुने साहेब पिशवी सांभाळत शेजारून चालत होते.

दार काकूंनी उघडलं. त्यांनी जुन्या साहेबांच्या हातून पिशवी घेतली, त्यांना हातपाय धुवायला आत पाठवलं आणि मला खुर्ची दिली. मी सुरुवात केली की काकू, तुम्हाला एक सांगायचंय, मनाला लावून घेऊ नका. काकूंनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

“मला पहिल्या आठवड्यातच कळलं,” त्या म्हणाल्या. “निवृत्त माणसाला परत बोलावलं तर चिठ्ठी येते. ह्यांनी आजवरची प्रत्येक चिठ्ठी मला दाखवलीय. मी नानांना विचारलं, त्यांनी सांगून टाकलं. मग मी रोज डबा थोडा जास्त भरून देते, नानांनाही पुरेल इतका.”

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला कसं नाहीत. काकूंनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. निवृत्तीच्या आधीच्या सुट्टीत साहेब पंधरा दिवस घरी होते. त्या पंधरा दिवसांत त्यांनी मसाल्याच्या सगळ्या डब्यांवर वर्णनाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, कपाटातल्या चादरींना नंबर दिले होते, आणि काकू बाहेर निघाल्या की कुठे, कशासाठी आणि किती वाजता परत, हे एका वहीत लिहून सही घेत होते.

“माणूस सोन्यासारखा आहे,” काकू म्हणाल्या, “पण त्याला फाइल लागते. ती तुमच्याकडे आहे. मी हात जोडते, ती काढून घेऊ नका.”

चहा आला. जुने साहेब ताजेतवाने होऊन बाहेर आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले, निकाल ऐकायला आल्यासारखे. तयार केलेलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो की साहेब, उद्या या, पण रकाने बदलायचे असतील तर साडेपाचनंतर, सगळे बाहेर पडल्यावर, आणि सही आधी घ्यायची. ते ताबडतोब म्हणाले की तसं लेखी द्या. मी देईन म्हटलं.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “तुमचं ऑफिस शनिवारी अर्धाच दिवस असतं, नाही का?”

मी हो म्हटलं.

“ते पूर्ण करता येणार नाही?” काकूंनी विचारलं.

त्यासाठी मी वरच्या ऑफिसला अर्ज केला आहे. मसुदा जुन्या साहेबांनी तपासून दिला.